पाट सर्वांचा, पाटकरी कोणाचा?

गेल्या महिन्यात एका तालुक्याच्या गावी भरलेल्या अभ्यास शिबिरात एक लहानशी फजिती झाली. दारावरच्या फलकावर आणि शिबिरार्थींच्या छातीवरील बिल्ल्यांवर 'शिबिर' हा शब्द 'शबिरि' असा छापून आला. 'विजय'चा 'वजिय' झाला, 'अनिल'चा 'अनलि' झाला आणि 'प्रकाश'मधील 'प' पायमोडका होऊन 'र'पासून दूर उभा राहिला. बिल्ले करणाऱ्या तरुण साथीची यात काहीही चूक नव्हती. त्याच्या घरच्या संगणकावर याच प्रोग्रॅमने, याच फाँटात, याच यादीवरून काढलेला नमुना निर्दोष होता. कार्यालयातील संगणकावर मात्र प्रत्येक पहिली वेलांटी एक घर पुढे सरकली होती.

रात्री जेवणे आटोपल्यावर या विषयाला तोंड फुटले. एक साथी म्हणाले, हा इंग्रजीचा साम्राज्यवाद आहे. निषेधाचा ठराव करा. दुसरे ज्येष्ठ साथी म्हणाले, प्रोग्रॅम फुकट मिळाला आहे ना, मग धर्माच्या गाईचे दात मोजू नयेत. तिसरे अधिक व्यासंगी. ते म्हणाले, एवढ्यातेवढ्या दोषाकडे काय पाहता? ज्या प्रोग्रॅमचा सोर्स कोड कोणीही वाचावा, बदलावा आणि वाटावा, त्यात खासगी मालमत्ताच संपुष्टात आली आहे. भांडवलशाहीच्या पोटात समाजवादाचा गर्भ वाढत असल्याचा याहून मोठा पुरावा कोणता?

मला ही तिन्ही मते चुकीची वाटतात. तिन्हींत एक समान अज्ञान आहे: हे काम करतो कोण, असा प्रश्न कोणीही विचारला नाही. कष्टकऱ्यांचे राजकारण करणाऱ्यांनी एखाद्या वस्तूबद्दल सर्वप्रथम विचारावयाचा प्रश्न तोच असतो.

वस्तुस्थिती आधी समजून घेऊ. हा प्रोग्रॅम म्हणजे इमेजमॅजिक. चित्राचा आकार बदलणे, एका स्वरूपाचे चित्र दुसऱ्या स्वरूपात नेणे, चित्रावर अक्षरे उमटवणे ही त्याची कामे. जॉन क्रिस्टी यांनी १९८७ मध्ये ड्युपाँट कंपनीत असताना तो लिहावयास घेतला आणि १९९० मध्ये तो सर्वांसाठी खुला झाला. माणसाने लिहिलेला हा मजकूर संगणकाला जसाच्या तसा उमगत नाही. तो प्रत्येक प्रणालीसाठी, म्हणजे लिनक्ससाठी, विंडोजसाठी, मॅकसाठी, यंत्राच्या भाषेत निराळा बांधून काढावा लागतो. ही झाली बांधणी. बांधणी करताना कोणता साहाय्यक माल कोठे शोधावा, सापडला तर कसा जोडावा, न सापडल्यास थांबावे की त्याच्यावाचून पुढे जावे, याच्या सूचनांचे जे बाड असते, ते त्या प्रोग्रॅमचे बिल्ड कॉन्फिगरेशन.

साहाय्यक माल म्हणजे इतरांनी लिहून ठेवलेल्या लायब्रऱ्या. जेपेगसाठी एक, पीएनजीसाठी दुसरी, टिफसाठी तिसरी. अक्षराचा आकार रेखाटावयास फ्रीटाइप लागते. परंतु कोणत्या अक्षराचा कोणता आकार कोठे बसवावा, हा निर्णय फ्रीटाइप घेत नाही. तो हार्फबझ नावाची लायब्ररी घेते, आणि इमेजमॅजिक तिच्यापर्यंत पोहोचते ते रक्म नावाच्या एका छोट्या मध्यस्थ लायब्ररीमार्फत. ही रक्म ऐच्छिक आहे. बांधणीच्या वेळी ती हजर नसेल तर प्रोग्रॅम तिच्यावाचून बिनतक्रार बांधला जातो आणि अक्षरे ज्या क्रमाने टंकित झाली त्याच क्रमाने मांडतो. इंग्रजीला त्याने काडीचाही फरक पडत नाही. मराठीत मात्र पहिली वेलांटी संगणकाच्या स्मृतीत व्यंजनानंतर साठवलेली असते आणि कागदावर व्यंजनाआधी उमटावी लागते. हा उलटापालट करणारा कोणी नसला की 'शिबिर'चे 'शबिरि' होते आणि जोडाक्षरे विलग होतात.

म्हणजे हा दोष ना प्रोग्रॅम लिहिणाऱ्याचा, ना फाँटाचा, ना आपल्या साथीचा. आमच्या कार्यालयातील प्रत ज्या कोणी बांधली, त्याच्यापुढे सर्व चाचण्या उत्तीर्ण झाल्या असणार, कारण त्या चाचण्यांत देवनागरी शब्द असण्याचे कारणच नव्हते. साम्राज्यवाद हा शब्द मी हलका करू इच्छित नाही. परंतु येथे आपली लिपी कोणी पायदळी तुडवलेली नाही. तिची चौकशी करणारा माणूस त्या जागी नव्हता, एवढेच घडले आहे. अन्यायाची ही तऱ्हा अधिक सामान्य आणि अधिक चिवट असते. ठरावाने ती जात नाही.

ही रक्म आली कोठून? तिच्या परवान्यावर पहिले नाव आहे ओमान देशाच्या शासकीय माहिती तंत्रज्ञान प्राधिकरणाचे, वर्ष २०१५. अरबी लिपीही हार्फबझसारख्या जाणकाराच्या मदतीवाचून नीट उमटत नाही. ती गरज ओळखून एका छोट्या देशाच्या सार्वजनिक संस्थेने हे काम हाती घेतले आणि ते सर्व जगासाठी खुले ठेवले. आज इमेजमॅजिकने काढलेल्या चित्रावर एखादा मराठी शब्द शुद्ध उमटतो, तेव्हा त्याच्यामागे ओमानच्या त्या सार्वजनिक संस्थेचे ऋण असते. योगायोग असा की अरबीतील ज्या शब्दावरून या लायब्ररीचे नाव पडले, त्याच शब्दापासून आपली 'रक्कम' आली आहे. आपण मात्र रक्मही उचलली आणि रक्कमही दिली नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. त्या आनंदात मीही सहभागी होतो. परंतु अभिजात भाषेची वेलांटी जागेवर राखणारी बांधणीची सूचना सांभाळावयास आपण कोणाला नेमले, याचे उत्तर त्या जल्लोषात शोधूनही मला सापडले नाही.

आता धर्माच्या गाईकडे वळू. अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षी आम्ही विद्यार्थ्यांना शिकवीत असू की ज्या वस्तूची आणखी एक प्रत काढावयास खर्च येत नाही, तिची किंमत शून्याकडे झुकते. प्रोग्रॅमच्या प्रतीला खर्च नाही हे खरेच. पण दुसऱ्या वर्षी शिकवावयाचा धडा घसाऱ्याचा असतो, आणि तो मात्र आपण विसरतो. गिरणीचा माग वापराने झिजतो. प्रोग्रॅम वापराने झिजत नाही; तो जागच्या जागी असताना भोवतालची जमीन सरकते आणि तो निकामी होतो. लायब्ररीची नवी आवृत्ती येते, प्रणाली बदलते, प्रोसेसर बदलतो. तीन प्रणाली, प्रत्येकीच्या अनेक आवृत्त्या आणि डझनावारी लायब्रऱ्या यांचा गुणाकार करून पाहावा, म्हणजे कॉन्फिगरेशन सांभाळणाऱ्याच्या डोक्यावरील ओझ्याची कल्पना येईल. या घसाऱ्याची तरतूद कोणत्याही ताळेबंदात नसते. ती एखादा माणूस आपल्या रात्रीच्या झोपेतून करीत असतो.

आणि ही जमीन आपोआप सरकत नाही. ती सरकवली जाते. ॲपल कंपनीने २०२० मध्ये इंटेलचे प्रोसेसर सोडून स्वतःच्या चिपांकडे वळण्याचे जाहीर केले. तो तिच्या नफ्याचा हिशेब होता, त्याबद्दल येथे तक्रार नाही. परंतु त्या निर्णयाबरोबर जगातील प्रत्येक मुक्त प्रोग्रॅमच्या बांधणीत एका नव्या यंत्राची भर पडली, आणि हा खर्च बहुतांशी स्वयंसेवकांवर पडला. त्याच कंपनीच्या नियमाप्रमाणे मॅकसाठी बांधलेल्या प्रोग्रॅमवर तिची मोहोर नसेल, तर वापरणाऱ्याच्या पडद्यावर इशारा झळकतो. मोहोर हवी असल्यास सभासद व्हावे लागते आणि सभासदत्वाची सर्वसाधारण वार्षिक वर्गणी ९९ डॉलर आहे. म्हणजे जो आपले श्रम विनामूल्य वाटू इच्छितो, त्याने वाटण्याच्या सोयीसाठीही कंपनीला पैसे मोजावयाचे! नफा खासगी, खर्च सार्वजनिक, हे आपण साखर कारखान्यांपासून बँकांपर्यंत पाहिले आहे. येथे तेच चालले आहे. फरक एवढाच की येथील खर्च उचलणारा 'सार्वजनिक' म्हणजे बहुधा एकटादुकटा माणूस असतो.

परिणाम उघड आहेत. इंकस्केप हा रेखाचित्रांचा उत्तम मुक्त प्रोग्रॅम २००३ मध्ये सुरू झाला. मॅकवर तो मध्यस्थ प्रणालीच्या कुबड्यांवाचून चालू लागला २०२० मध्ये, १.० या आवृत्तीपासून. गिंप या चित्रसंपादन प्रोग्रॅमची २.१० ही आवृत्ती २०१८ मध्ये आली आणि ३.० ही २०२५ मध्ये. मधल्या सात वर्षांत बरेच श्रम पायाभरणी बदलण्यात गेले. बांधणीची जुनी ऑटोटूल्स पद्धत काढून तिच्या जागी मेसॉन आणणे हा त्याचाच एक भाग. वापरणाऱ्याला पडद्यावरचे नवे बटण दिसते, त्याची वाहवा होते. पायाखालचे काम नीट झाले तर ते दिसतच नाही, आणि चुकले तर तेवढे दिसते. घरात स्वयंपाक आणि केर-पोतेरे करणाऱ्या बाईच्या श्रमांचे जे होते, तेच येथे होते.

दुर्लक्षाची किंमत किती असते, हे मार्च २०२४ मध्ये दिसून आले. एक्सझेड ही माहिती दाबून लहान करणारी लायब्ररी असंख्य लिनक्स संगणकांत असते. गिंप आणि इमेजमॅजिक हेही तिचा उपयोग करू शकतात. ती वर्षानुवर्षे मुख्यतः एकच माणूस, विनावेतन, सांभाळीत होता. तो थकला होता आणि तसे त्याने उघड बोलूनही दाखवले होते. अशा वेळी टोपणनावाने वावरणारा एक मदतनीस पुढे आला, दोनेक वर्षे निमूटपणे काम करून त्याने विश्वास संपादला आणि मग ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत चोरवाट बसवली. ती त्याने कोठे लपवली? मुख्य कोडात सहज दिसेल अशा ठिकाणी नव्हे, तर बांधणीच्या वेळी चालणाऱ्या सूचनांत आणि चाचणीसाठी ठेवलेल्या फायलींत. कारण बांधणीच्या सूचना कोणी वाचत नाही, हे त्याला पक्के ठाऊक होते. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला संगणकात प्रवेश मिळण्यास अर्धा सेकंद जादा लागत असल्याचे जाणवले आणि त्याने छडा लावला, म्हणून अनर्थ टळला. जगाच्या सुरक्षिततेचा पहारा एका माणसाच्या थकव्यावर आणि दुसऱ्याच्या चौकसपणावर सोपवलेला होता. या व्यवस्थेला धर्माची गाय म्हणणे म्हणजे राखणाऱ्याच्या उपाशीपणाला दानधर्म म्हणणे होय.

आता व्यासंगी साथींचा मुद्दा. मालमत्ता संपली, म्हणून समाजवाद आला काय? मालकी नाहीशी होणे ही अर्धी गोष्ट आहे. श्रमांची व्यवस्था लागणे ही उरलेली अर्धी. पहिली झाली आणि दुसरी झाली नाही, तर सर्वांची म्हणून ठेवलेली वस्तू ज्याच्याजवळ भांडवल अधिक, त्याच्या उपयोगी अधिक पडते. मोठमोठ्या कंपन्या आपल्या सेवा याच मुक्त प्रोग्रॅमांवर उभारतात. कायद्याने त्यांना तो अधिकार आहे आणि त्यांतील काही कंपन्या काही प्रोग्रॅमांसाठी पगारी माणसे देतात, हेही नमूद केले पाहिजे. परंतु ती माणसे कोठे द्यावयाची, हे कंपनीची गरज ठरवते. मराठी वेलांटी ही त्यांच्या ताळेबंदातील बाब नाही.

सामुदायिक मालकी टिकूच शकत नाही, असे मात्र मी म्हणत नाही. गॅरेट हार्डिन यांनी १९६८ मध्ये सामाईक कुरणाची शोकांतिका मांडली आणि खासगीकरणाच्या पुरस्कर्त्यांनी ती डोक्यावर घेतली. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी १९९० च्या आपल्या ग्रंथात कालवे, कुरणे आणि मासेमारीची उदाहरणे अभ्यासून दाखवून दिले की लोक सामाईक साधने पिढ्यान्‌पिढ्या नीट राखतात. मात्र लाभ आणि खर्च यांचा मेळ हवा, आणि देखरेख करणारा वापरणाऱ्यांना उत्तरदायी हवा. त्यासाठी त्यांना २००९ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्याकडे हे समजावयास नोबेलची वाट पाहावी लागत नाही. धुळे जिल्ह्यात पांझरेच्या काठची फड पद्धत पाहावी. बंधारा सर्वांचा, पाट सर्वांचा, पाण्याचा हक्क सर्वांचा. पण पाण्याचे वाटप करावयास पाटकरी असे, पिके राखावयास जागल्या असे. त्यांचा मोबदला लाभधारक शेतकरी मिळून देत आणि पाटातील गाळ काढावयास सर्व हजर राहत. पाट सर्वांचा आहे म्हणून पाटकऱ्याने फुकट राबावे, असे त्या निरक्षर म्हणवल्या गेलेल्या शेतकऱ्यांना कधी सुचले नाही. ते आपल्यासारख्या सुशिक्षितांना सुचते.

येथे एक आक्षेप येईल आणि तो प्रामाणिक असेल. वेतन आले की सेवाभाव जाईल, असे काही जण म्हणतील. आपल्या चळवळीतील पूर्णवेळ कार्यकर्त्यांना मानधन देण्याचा विषय जेव्हा जेव्हा निघाला, तेव्हा हाच आक्षेप आला. अनुभव काय सांगतो? मानधनावाचून पूर्णवेळ काम तोच करू शकतो, ज्याच्या घरी दुसरा कोणी कमावता असतो किंवा ज्याची शेती दुसरा कोणी कसतो. विनावेतन सेवेच्या आग्रहाने चळवळ शुद्ध होत नाही. ती फक्त सुखवस्तूंची होते. मुक्त प्रोग्रॅमांचेही तसेच आहे. दिवसा गलेलठ्ठ पगार घेणारा रात्री स्वयंसेवा करू शकतो. नांदेडच्या किंवा सोलापूरच्या महाविद्यालयातील मुलीपाशी कौशल्य असते, पण तिला संध्याकाळी शिकवण्या घेऊन घरभाडे भागवावयाचे असते. तिला या कामापासून दूर ठेवणारी गोष्ट सेवाभावाचा अभाव ही नव्हे, वेतनाचा अभाव ही होय. मग देवनागरीची चाचणी करावयास त्या जागी कोणी नसते, यात नवल काय?

सार्वजनिक पैशातून हे होऊ शकते, याची उदाहरणे आहेत. ओमानचे वर आलेच. जर्मन सरकारने २०२२ मध्ये अशाच पायाभूत मुक्त प्रोग्रॅमांसाठी निधी उभारला आणि २०२३ मध्ये ग्नोम या प्रकल्पाला दहा लाख युरो दिले. केरळने आपल्या शाळांत मुक्त प्रोग्रॅम आणले आणि ते सांभाळण्यासाठी सरकारी यंत्रणा उभी केली. केंद्र सरकारचे २०१५ चे धोरण शासकीय कामात मुक्त प्रोग्रॅमांना अग्रक्रम देते. परंतु वापरास अग्रक्रम देणे म्हणजे देखभालीस पैसा देणे नव्हे. परवान्याचे वाचलेले पैसे तिजोरीत राहतात आणि पाटकरी उपाशीच राहतो.

सबब, निषेधाच्या ठरावाऐवजी मी चार गोष्टी सुचवतो. एक, पक्ष आणि त्याच्याशी संबंधित संस्थांची छपाई व प्रकाशने जेथे जेथे मुक्त प्रोग्रॅमांवर होतात, तेथे परवान्यापोटी वाचलेल्या रकमेचा एक भाग त्याच प्रोग्रॅमांच्या देखभालीसाठी दरवर्षी पाठवावा. रक्कम लहान असेल. ती भीक नव्हे, पाटपट्टी आहे, या भावनेने ती द्यावी. दोन, राज्याच्या भाषाविषयक अर्थसंकल्पात मराठी उमटवणाऱ्या मुक्त प्रोग्रॅमांची बांधणी सांभाळण्यासाठी पगारी पदे निर्माण करावीत, अशी मागणी आपल्या जाहीरनाम्यात यावी. तीन, विद्यापीठांनी हे काम सवेतन उमेदवारी म्हणून मान्य करावे. सवेतन हा शब्द मी जाणूनबुजून वापरीत आहे. चार, आणि हे तर उद्यापासून करता येईल: आपल्यापैकी जे तरुण या क्षेत्रात आहेत, त्यांनी अशा प्रत्येक प्रोग्रॅमच्या चाचण्यांत तिन्ही प्रणालींसाठी एक मराठी शब्द घालून द्यावा. वेलांटी सरकली तर बांधणी तेथेच थांबावी आणि बांधणाऱ्याला ते कळावे. शब्द कोणता, असे कोणी विचारले तर मी 'शिबिर' सुचवीन.

आमच्या शिबिराचे पुढे काय झाले, तेही सांगतो. तरुण साथीने रात्री बसून कार्यालयातील संगणकावर रक्मसह इमेजमॅजिक पुन्हा बांधला आणि सकाळी सर्वांना शुद्ध बिल्ले मिळाले. समारोपाच्या भाषणात आचाऱ्यांचे आभार मानले गेले, मांडववाल्याचे मानले गेले, सभागृह देणाऱ्या संस्थेचेही मानले गेले. रात्रभर जागलेल्या त्या मुलाचे नाव कोणाच्या तोंडी आले नाही. व्यासपीठावर मीही बसलो होतो, आणि मलाही ते आठवले नाही.